बादल्यांची रांग

लादिस्लाओ भंगारवाल्याने मोटरचा दुसरा बोल्ट सैल केला, तेवढ्यात एल्विरा शिजवलेल्या मक्याची बादली घेऊन गिरणीच्या दारात आली.

"दळून द्याल का, दोन्या तोमासा?"

गल्ली जिला मानाने दोन्या म्हणायची त्या गिरणीवाल्या तोमासाने आधी बादलीकडे पाहिलं, मग लादिस्लाओकडे. गिरणी बंद पडून वर्ष होत आलं होतं. समोर अबुंदिओने तोर्तियाचं, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीचं यंत्र बसवलं, पिशवीतलं तयार पीठ कालवून तो दिवसभर तोर्तिया काढू लागला आणि गल्लीतल्या बायकांनी चुन्याच्या पाण्यात मका शिजवणं सोडूनच दिलं. दळायला कोण येणार? शेवटी मुलाने पुएब्ला शहरातून फोनवरच मोटरचा सौदा ठरवून टाकला. चाळीस वर्षं हाताखाली फिरलेली गिरणी आज हातगाडीवर चढणार होती आणि तोमासाला सकाळपासून पाणीसुद्धा गोड लागलं नव्हतं.

"आज बरी आठवण झाली?"

"समोरची पाटी बघा ना. महिन्यापूर्वी किलोला सहा पेसो होते, काल दहा, आज बारा. घरात सात तोंडं आहेत माझ्या."

अबुंदिओचे कान इकडेच होते. तो रस्ता ओलांडून आला. "त्याला मी काय करू? सीमेपल्याड उत्तरेकडचे गोरे मक्याचं इंधन करून गाड्यांत ओततायत. मका तिकडे चालला, पीठ महागलं. माझ्यावर कशाला डाफरता?"

"डाफरत नाही, अबुंदिओ. पण माझ्याकडे सायकलसुद्धा नाही. दुसऱ्याच्या गाडीला मी का जेवू घालू?" एल्विरा म्हणाली. "माळ्यावर घरचा निळा मका पडलाय. इतके दिवस कोंबड्यांनी खाल्ला, आता आम्ही खाऊ."

अबुंदिओने बादलीत डोकावून पाहिलं आणि तो हसला. "हा निळा? हा तर हिरवा पडलाय. चुना मुठीने टाकलास का गं? कडूजहर होणार. विसरलात तुम्ही पोरी हे सगळं. संध्याकाळी माझ्याच दारात याल."

बोलला ते खोटं नव्हतं. तोमासाने एक दाणा नखाने सोलून जिभेवर ठेवला, तर जीभ चुरचुरली. गल्लीतल्या बायका आपापल्या दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. ही बादली कडू निघाली तर दुसरी येणार नाही, हे सांगायला कोणी नको होतं.

तोमासाने बादली नळाखाली नेली. चोळून चोळून एक पाणी काढलं, दुसरं काढलं. चौथ्यालाही पाणी बुळबुळीत होतं. सातवं पाणी स्वच्छ आलं तेव्हा तिने पुन्हा दाणा चाखला.

"लादिस्लाओ, ते बोल्ट आवळ."

"दोन्या, मी मोटर काढायला आलोय."

"माहीत आहे मला. पाना तुझ्याच हातात आहे ना?"

त्याने डोकं खाजवलं आणि बोल्ट आवळले. मग पट्टा सैल आहे म्हणून तोही न सांगता ताणून दिला.

दगडांची काळजी नव्हती. बंद गिरणीच्या दगडांनाही तोमासा दर रविवारी छिन्नी घेऊन टाकी लावत बसायची. मुलगा म्हणायचा, आईचं डोकं फिरलंय. आज त्या दगडांमधून पीठ उतरलं ते ओलसर, मऊ, निळसर, बोटाला कणही लागू न देणारं. तोमासाने कोपऱ्यातला तवा तापवला, गोळा थापला आणि टाकला. तोर्तिया टम्म फुगली.

ती अर्धी मोडून, वर मीठ भुरभुरून तिने अबुंदिओच्या हातात ठेवली.

अबुंदिओने सावकाश चावली. तो कडवटपणा शोधत होता, हे सगळ्यांना दिसत होतं. त्याला बराच वेळ लागला.

"बरी आहे," तो म्हणाला.

दारांतल्या बायका एकेक करून आत गेल्या. घरोघरी माळ्यावरून कणसं खाली पडल्याचे आवाज येऊ लागले. तोमासाला असं भरून आलं की तिने रुमालाऐवजी पिठाच्याच हाताने तोंड पुसलं. उरलेली अर्धी लादिस्लाओने खाल्ली आणि रिकामी गाडी ढकलत तो निघून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी गिरणीच्या दारापासून चर्चच्या भिंतीपर्यंत बादल्या लागल्या होत्या. माणसं उन्हात बसून गप्पा मारत होती. गल्लीचा जुना रिवाज परत आला होता. बादली ठेवली की नंबर लागला, मग मालकीण घरी जाऊन झोपली तरी तिच्या बादलीला कोणी हात लावायचं नाही.

समोरचं यंत्र सकाळपासून बंद होतं. नऊच्या सुमाराला अबुंदिओ आला आणि सगळ्या बादल्यांच्या बाजूने थेट दारापर्यंत गेला.

"दोन्या, मीही मका शिजवलाय. पोतंभर आहे दुकानात. तेवढा आधी घ्या. पिशवीतलं पीठ आता कोणाला नको, माझं गिऱ्हाईक खोळंबलंय."

तोमासाचे दोन्ही हात पिठात होते. तिने मान वर केली नाही.

"पाणी किती वेळा काढलंस?"

"आठ वेळा."

"मग चांगलं होईल. रांग भिंतीपाशी संपते."

अबुंदिओ मागे वळला, एकेक बादली ओलांडत भिंतीपर्यंत गेला, आणि नंबर लावायला जवळ काहीच नाही म्हणून डोक्यावरची हॅट काढून त्याने ती शेवटच्या बादलीमागे ठेवली.