चिखलाचा रंग

पासष्टच्या लढाईहून रणगाडाचालक जयसिंग मुळशीला परतला, तो थरथरणारा उजवा हात घेऊन. पलटणीतल्या साहेबाने दिलेला प्लास्टिकचा चिमुकला रणगाडा त्याने सुटे भाग चिकटवून उभा केला, हिरवा रंगवला; पण त्यावरचा क्रमांक सरळ उमटेना. “आबा, ह्या हातानं आता काय बी व्हायाचं न्हाई,” म्हणत त्याने कुंचला टाकला. त्याचे वडील हैबतराव विज्ञानाचे शिक्षक. धीराचे शब्द त्यांना सुचत नसत. त्यांनी तपकिरी रंग पुढे सरकवला. “रेघ सोड. हात थरथरतोय तसा थरथरू दे.” कुंचल्यातून बारीक शिंतोडे उडाले, चाकांवर हुबेहूब चिखल चढला. हैबतरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. तेवढ्यात खंडेनवमीच्या पूजेसाठी कोयते धुणारी आई फडका घेऊन आली. “पूजेला ठेवायचा आन् चिखल तसाच? आण, धुती!” “आये, हात लावू नगंस! त्यो म्या रंगवलाय!”