तुझंच ऑइल

आजोबांची जुनी मोटार बाबा आणि काकाने मिळून पुन्हा उभी केली. पण ब्रेक ऑइल कोणतं भरायचं, यावरून दोघांचं आठवडाभर वाजलं. बाबांना सिलिकॉनचं हवं होतं, कारण ते सांडलं तरी नवा रंग उडत नाही.

"दादा, रंग काय चाटायचाय? गाडी थांबली पाहिजे. नेहमीचंच भरू," काका म्हणायचा.

मी एवढंच सांगितलं होतं, की यातलं कुठलंही एक चालेल. पण दोन्ही एकत्र करू नका, ती एकजीव होत नाहीत आणि मग ब्रेकचा भरवसा राहत नाही.

आज पहिली फेरी होती. बाबा चालवत होते, काका शेजारी, मी मागे. टेकडीचा उतार लागला तसा काका जरा लाजतच म्हणाला, "दादा, काल जुनं ऑइल काढून तुझंच भरलं बरं का. म्हटलं, थोरल्याचं मन कशाला मोडा."

आरशात बाबांचा चेहरा पांढराफटक दिसला.

"अरे, तू कसला ऐकतोस माझं! मला वाटलं, तू तुझंच भरलं असणार. सकाळी पातळी कमी दिसली, म्हणून मी तुझ्याच बाटलीतलं वर ओतलं."

त्यांनी ब्रेक दाबला. गादीत रुतावा तसा पाय खाली गेला, आणि गाडीचा वेग वाढतच राहिला.

"आता काय करू, सांग ना!"



कशावरही मत असणाऱ्या काकाने फक्त हात मागे करून माझा हात घट्ट धरला.