नऊ नंबरची तक्रार

“नऊ नंबर, तुम्ही तुमच्या कॅप्टनमार्फत बोला,” नेटशेजारच्या उंच लोखंडी स्टँडवरून पंच म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली.

नऊ नंबर म्हणजे पंचांची बायको. ती बँकेच्या संघातून खेळत होती. चेंडू रेषेच्या आत पडलेला तिने पाहिला होता आणि तेवढंच सांगायला ती पुढे झाली होती. पण व्हॉलीबॉलमध्ये पंचांशी बोलायचा हक्क एकट्या कॅप्टनचा. बाकीच्यांनी मुकाट खेळायचं. नवरा-बायको एकाच मॅचमध्ये नकोत अशी आधी कुजबुज झाली होती, पण समोरच्या विमा कंपनीच्या कॅप्टननेच ती मिटवली होती. “तेच पंच राहू देत. त्यांच्याकडे वशिला चालत नाही,” ती म्हणाली होती.

पुढच्याच पॉइंटला त्या कॅप्टनने हात वर केला. पंचांनी तोंडातली शिट्टी काढली, कमरेत वाकले, कान पुढे केला.

“बोला, कॅप्टन. ऐकतोय.”

ती बाई चांगलं अर्धं मिनिट बोलली. पंचांनी एकदाही तिला मध्ये तोडलं नाही. निर्णय होता तोच ठेवला, पण का ठेवला ते नीट समजावून सांगितलं. वर “धन्यवाद, कॅप्टन” म्हणाले.

नऊ नंबरच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा दुसऱ्या बाईकडे बघतो म्हणून बायका जळतात. ही जळत होती ती तो दुसऱ्या बाईचं ऐकतो म्हणून. बघितलं असतं तर एक वेळ तिने सोडूनही दिलं असतं.

दर रविवारी सकाळी तिच्याच घरी पंच नव्या पंचांचा वर्ग घ्यायचे. खेळाडूला ‘ए’ म्हणायचं नाही, नंबराने हाक मारायची. त्याच्यावर बोट रोखायचं नाही. कॅप्टन बोलत असेल तर शिट्टी तोंडातून काढायची, नजर इकडेतिकडे जाऊ द्यायची नाही, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. चहाचा ट्रे घेऊन दारात उभं राहून तिने हे इतक्यांदा ऐकलं होतं, की परीक्षेला बसली असती तर पहिली आली असती.

आणि तीच गेले तीन आठवडे एक गोष्ट सांगायला बघत होती. तिला बढती मिळाली होती. बढतीबरोबर बदली, चारशे किलोमीटर लांब. सोमवारी लेखी उत्तर द्यायचं होतं आणि आज शनिवार होता. तिला जायचं होतं. पण न सांगता जाणं तिच्याच्याने होणार नव्हतं.

“मला काहीतरी सांगायचंय,” ती म्हणायची.

“हं.” पंचांचे डोळे मोबाइलवरच्या कुठल्यातरी मॅचवर.

“ऐकताय ना?”

“एवढी मॅच संपू दे.”

ती संपली की दुसरी लागायची. एकदा ती सरळ मोबाइलच्या आड जाऊन उभी राहिली, तर त्यांनी तिच्या कोपराखालून स्कोअर पाहिला.

चौथ्या सेटनंतर दोन्ही संघ पाणी प्यायला थांबले. विमा कंपनीची कॅप्टन घाम पुसत तिच्याशेजारी आली.

“तुमचे मिस्टर ना ते? नशीब काढलंत हो. आमच्याकडे मी बोलायला लागले की गडी उठून बाल्कनीत. घरीपण असंच ऐकतात?”

“हो तर,” नऊ नंबर म्हणाली. “अगदी सगळं बाजूला ठेवून.”

कॅप्टनने एक सुस्कारा सोडला. तो इतका खरा होता, की नऊ नंबरला स्वतःच्या त्या खोट्या संसाराचाही हेवा वाटला.

पाचव्या सेटमध्ये बारा-बारा झाले आणि बँकेच्या कॅप्टनचा पाय मुरगळला. दोघींनी तिला धरून बाहेर नेलं. प्रशिक्षकांनी बाकावरूनच ओरडून सांगितलं, “नऊ, आता तू कॅप्टन!”

पुढचा पॉइंट विमा कंपनीला गेला. बँकेच्या मुली खवळल्या. “त्यांच्या बोटाला लागून बाहेर गेलाय तो! ताई, जा ना, विचारा ना!” त्यांनी तिला जवळजवळ ढकललंच. तिने हात वर केला आणि स्टँडखाली जाऊन उभी राहिली.

पंचांनी शिट्टी काढली. कमरेत वाकले. कान पुढे केला.

“बोला, कॅप्टन. ऐकतोय.”

तिने वर पाहिलं. ते खरंच ऐकत होते. त्यांच्या कपाळाला बारीक आठी पडली होती, नजर फक्त तिच्यावर होती. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि हा चेहरा तिने फक्त लांबून, दुसऱ्यांसाठी पाहिला होता. चेंडू, बोट, पॉइंट, सगळं ती विसरली.

“माझी बदली झालीय,” ती म्हणाली. “बढतीवर. लांब आहे, पण मला जायचंय. सोमवारी उत्तर द्यायचंय.”

पंचांनी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं. पुरं झाल्यावरही ते तसेच वाकून राहिले. मागे बँकेच्या मुली श्वास रोखून निकालाची वाट बघत होत्या. नेटपलीकडे विमा कंपनीची कॅप्टन कमरेवर हात ठेवून त्या दोघांकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतला हेवा इथूनही दिसत होता.

“अगं,” पंच अगदी हळू म्हणाले, “हे घरी नाही का सांगायचं?”

“घरी कुणामार्फत बोलायचं ते कळलं नाही,” कॅप्टन म्हणाली.