यादीतला पहिला नंबर

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात ‘बुडवलेली टोर्टा’ कुठे खावी, याची यादी छापणारा परीक्षक सिरियाकाबाईंच्या गाडीवर आला. त्यानं मिरची नाकारली, डुकराचं मांस भरलेला पाव सॉसमध्ये जेमतेम टेकवून घेतला आणि काट्या-चमच्यानं चार घास खाल्ले. वीस वर्षं पहिल्या नंबराची आस धरलेल्या बाईंनी तो म्हणेल तसं वाढलं.

यादी आली. पहिला नंबर त्यांचाच! हरखून त्यांनी ती रोजच्या गिऱ्हाइकाला, म्हाताऱ्या डॉन इलारियोंना दाखवली.

“त्या काटेवाल्याला आवडली?” कोपरापर्यंत ओघळलेला सॉस चाटत ते म्हणाले. “मग काय बिघडवलंत हो, बाई?”

 

बाईंनी चमचाभर सॉस चाखला, पुन्हा चाखला आणि अख्खं पातेलं गटारात ओतून दिलं.