आतून कडी

सत्त्व आता कुठं घट्ट होऊ लागलं होतं, तेवढ्यात दार वाजलं. रणधीरचा ढवळता हात थांबला.

"रणधीर, म्या हाय. दार उघड."

आबा! ईट गावाहून, न कळवता. रणधीरनं गॅस बारीक केला, खांद्यावरचं लाळेरं खिशात कोंबलं आणि आतली कडी काढली. वडील आत आल्यावर सवयीनं ती पुन्हा लावलीही.

लेकीसाठी नाचणीचं सत्त्व शिजवताना तो रोजच कडी लावायचा. बायको राजेश्वरी एसटीत कंडक्टर, सकाळीच धाराशिव डेपोला जायची. त्याचा शिकवणीचा क्लास संध्याकाळचा. त्यामुळं जाईचं न्हाणं-खाणं त्याच्याकडं. यात चोरी कसली? पण गल्लीनं बघू नये असं त्याला वाटायचं. आबांनी तर नाहीच नाही. आबा, म्हणजे कोंडीराम, गावात पारावर बसले की बायकोच्या अर्ध्या वचनात राहणाऱ्या गड्यांची सालटी काढायचे, आणि सगळा पार हसायचा.

"काय शिजतंय?"

"राजेश्वरीनं लावून ठेवलंय. मी नुसतं बघत होतो."

पातेल्यात गुठळ्याच गुठळ्या झाल्या होत्या. पाळण्यात भुकेली जाई रडून लाल झाली होती. आबांनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

"तिला नीट जमतच नाही," रणधीर बोलून गेला, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहाटे उठून सगळं आवरून गेलेली बायको. ती समोर नाही म्हणून तिच्या माथी मारलं.

आबांनी बाह्या सारल्या, हात धुतले. "धुतलेलं पातळ फडकं दे." फडक्यातून पळीनं दाबून सत्त्व गाळलं, कोमट पाणी घालून पुन्हा मंद आचेवर धरलं. "हात थांबवायचा न्हाय. थांबला की गुठळी झालीच." मग थेंबभर मनगटावर घेऊन पाहिलं आणि नातीला मांडीवर घेतलं. पहिल्याच चमच्याला जाई गप्प झाली.

रणधीर बघतच राहिला. "आबा, तुम्हाला कसं येतं हे?"

चमचा मध्येच थांबला. त्या करारी माणसाची मान खाली गेली.

"तू एवढाच हुतास. तुझी आई अंथरुणाला खिळली हुती. म्याच करायचो. कुणी इचारलं तर तिनंच केलं म्हणायचो." त्यांनी चमचा वाटीत ठेवला. "आन् म्याबी आतून कडी लावूनच करायचो."

रणधीरला वर बघवेना. आबांनाही.

वाटी संपली. आबांनी जाईचं तोंड पुसलं, तिला कडेवर घेतलं आणि दाराशी जाऊन कडी काढली. दार सताड उघडून ते उंबऱ्यातच बसले. समोरच्या ओट्यावरच्या बायका बघू लागल्या. मग पारावरच्या त्यांच्या त्या मोठ्या आवाजात त्यांनी हाक मारली,

"रणधीर, उरल्यालं बी आण. पोरीला तुझ्या हातचं लई आवडलंय."