इंजेक्टरची टिकटिक

भजनी मंडळाच्या जुन्या जीपला दुसरं इंजिन बसवायचं होतं. उद्याच पैठणला कीर्तन. मंडळातलाच कडूबा मिस्त्री सकाळपासून गॅरेजातल्या टेबलावर इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या वायरी तपासत होता. करंट दिला की इंजेक्टर टिकटिकायला हवा; पण तो मुकाच. थकल्या हातांनी त्यानं तिसऱ्यांदा जोडणी बदलली, बटण दाबलं. तरी शांत. तेव्हाच बायको डबा घेऊन आली. "अहो, टिकटिकतंय की हे! बहिरे झालात व्हय?" कडूबानं स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर ठेवून मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. टिकटिक हाडातून आली. वायरी पहिल्यापासूनच बरोबर होत्या. तो मटकन स्टुलावर बसला. "वच्छे, आपले टाळकरी हल्ली लई हळू वाजवतात ना?" तिचं हसू मावळलं. "नाय हो. पहिल्यासारखेच वाजवतात." तिनं स्क्रूड्रायव्हर पदरानं पुसला आणि डब्याच्या पिशवीत टाकला. "उद्या हा घेऊन टाळकऱ्यांच्या पुढ्यात बसा."