साधा न

“‘हे’ नाही मॅम, ‘आय’. स्पॅनिशमध्ये ‘एच’ तोंड उघडत नाही,” प्राची म्हणाली. “‘आय’ म्हणजे आहे. आपल्या परिसरात काय काय आहे ते सांगायचं. स्टेशन आहे, मॉल आहे, तळ्यावर फ्लेमिंगो आहेत.”

“म्हंजे आमचाच शब्द की गो बाय!” मागच्या खुर्चीवरून, मासळी विकून झाली की वर्गाला बसणारी शांती म्हणाली. “पानी हाय, म्हावरा हाय. निस्ता ‘ह’ गिलला.”

सीवूड्सच्या त्या सोसायटीच्या क्लबहाउसातल्या स्पॅनिशच्या वर्गात हशा पिकला. प्राचीनं टाळी वाजवली. “बघा, शांतीकाकू जन्मापासून स्पॅनिश बोलतायत!”

प्रियदर्शिनीबाई हसल्या नाहीत. उरणकडच्या खाडीकाठी एका शाळेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं हा ‘हाय’ पोरांच्या तोंडातून उपटून काढण्यात घालवली होती. हाय नाही, आहे. पानी नाही, पाणी. दोनदा सांगून जमलं नाही, की बाई एवढंच म्हणत, “हात पुढे कर.” मग लाकडी पट्टी, उभी, बोटांच्या पेरांवर. आठवणी आल्या की बाईंना अजून बरं वाटे. पोरं शुद्ध बोलायला शिकली. जी शिकली नाहीत, ती शाळेत टिकली नाहीत. आणि आज भर वर्गात ‘हाय’ला टाळ्या!

हे बाईंनी मनात गाठ मारून ठेवलं. वर्गाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपल्या परिसराचं स्पॅनिशमध्ये वर्णन करायचं होतं. बाईंचा नातू ऋषी स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियात वाढत होता. मराठीचा गंध नाही, त्यामुळे आजी-नातवाचं बोलणं म्हणजे नुसते हात हलवणं. त्या दिवशी ऋषीचा अख्खा वर्ग पडद्यावरून आजीचं भाषण ऐकणार होता. नातवाशी पहिल्यांदा बोलायचं, आणि त्याच दमात सोसायटीसमोर त्या मासळीवालीचं नाक कापायचं, असं बाईंनी ठरवलं.

पण मध्येच मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि काही तास बुडाले. त्या डोळ्यावर अजून पट्टी होती, आणि उरलेल्याला धुरकटच दिसे. प्राचीकडे शिकवणी मागणं कमीपणाचं वाटलं. शेवटी बाईंनी शांतीलाच घरी बोलावलं. तिचाच कोयता घेऊन तिलाच कापायचं, यात त्यांना गंमतही वाटली.

शांती तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आली. साऱ्या जगाला ती ‘बाय’ म्हणे, यांना मात्र पहिल्या दिवसापासून ‘बाई’. जरब माणसाच्या आधी पोचते, असं बाईंनी मनाशी म्हटलं.

“कुठली गं तू?”

“जासईकडची, उरणच्या वाटंला. लगीन होऊन हिकडं आले.”

“शाळा?”

“चवथीत सुटली.”

तिनं पेन विचित्र धरलं होतं. मधलं बोट वाकतच नव्हतं. कोळंबी सोलून सोलून झालं असेल, बाईंना वाटलं.

“हे वाक्य घालायचं,” बाई म्हणाल्या. “चाळीस वर्षांपूर्वी इथे काहीच नव्हतं.”

“कायच नव्हतं?”

“काय होतं? चिखल.”

“चिखल,” शांती म्हणाली.

प्राचीनं वाटलेल्या कागदावर ‘वर्षं’साठीचा स्पॅनिश शब्द होता. बाईंनी कागद नाकाशी नेला. “या ‘एन’च्या डोक्यावर काही आहे का गं?”

“काय नाय बाई. छापताना शाई फासलीय. साधा न.”

“नक्की?”

“माझ्या तोंडी तर सगळेच न साधे,” शांती म्हणाली.

बाई खळखळून हसल्या. वाईट नाही हो ही बाई, असंही क्षणभर वाटून गेलं. ‘आनोस, आनोस’ असं त्या न्हाणीघरातही घोकू लागल्या. प्राचीसमोर मात्र अक्षर काढलं नाही. ऐन वेळी सगळ्यांना थक्क करायचं होतं.

शेवटच्या दिवशी बाई इरकली नेसून उभ्या राहिल्या. पडद्यावर पोरांची गर्दी होती. पहिल्या बाकावर ऋषी, हात हलवत, शेजारच्याला सांगत की ही माझी आजी.

बाईंनी नाव सांगितलं. मग वय. “तेंगो सेतेंता इ सिएते आनोस.”

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंना हुरूप आला. चाळीस वर्षांपूर्वी इथे काहीच नव्हतं, त्यांनी सांगितलं. “आसे क्वारेंता आनोस...” हसू वाढलं. पोरांना आवडतंय म्हणून बाईंनी आवाज चढवला. वीस आनोस मागे स्टेशन, दहा आनोस मागे मॉल. एक मुलगा बाकावरून खाली घसरला. तिकडच्या शिक्षिका तोंडावर रुमाल धरून वळल्या. ऋषी तेवढा हसत नव्हता. त्यानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता. गहिवरला, बाईंना वाटलं.

प्राची धावत आली आणि माइक बंद केला.

“मॅम, ‘आन्योस’! त्या ‘एन’वर शेपटी असते. तुम्ही नव्हता त्या दिवशी शिकवलं मी, सगळे केवढे हसले होते. शेपटी नसली की ते वर्ष राहत नाही. ते...” तिनं आवाज खाली आणला. “आपण बसतो ना, त्या जागेतलं भोक. तुम्ही मुलांना सांगितलंत की तुम्हाला तसली सत्त्याहत्तर आहेत.”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. पहिल्या बाकावरची जागा रिकामी होती.

बाई खुर्चीत बसल्या. कुणीतरी समोर ग्लास धरला. धरणाऱ्या हाताचं मधलं बोट ताठ होतं.

“पाणी,” शांती म्हणाली. जीभ टाळूला लावून, स्वच्छ. “हात पुढे करा, बाई.”